शिफारसपत्र

प्रिय बंड्या,

तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच, डॉक्टर बदलले, गोळ्या त्याच. आता मुद्द्याचं.

आपली प्रश्नपेढी, म्हणजे माझी ती सतत प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी, काल येऊन गेली. प्रबंध जमा झालाय, तोंडी परीक्षा व्हायचीय आणि हातात नोकरीचा देकार आहे. कर्ज देणारं एक ॲप, त्यांचा वर्तनविज्ञान विभाग. पगाराचा आकडा सांगत नाही, तुझा रक्तदाब वाढेल. तिला माझं शिफारसपत्र हवंय. मी हो म्हटलं नाही, नाही म्हणायलाही जीभ रेटली नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, पोरीला चांगली नोकरी लागली, तुझ्या पोटात का दुखतंय? म्हणून तुला लिहितोय.

काम काय ते तिनेच सांगितलं, काही न लपवता. कर्जाच्या अर्जात शेवटच्या पानावर विम्याचा चौकोन असतो, त्यात टिक आधीच केलेली. ती काढायची तर दोन पानं मागे जावं लागतं, आणि तिथे बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला घरच्यांची काळजी नाही.' हे वाक्य कसं लिहिलं तर कमीत कमी लोक टिक काढतील, याचे प्रयोग ती करणार. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सर, माणूस आहे तिथेच बसून राहतो हे तुम्हीच शिकवलंत. थेलरने तरी काय वेगळं केलं?"

उत्तर मला येत होतं, पण तिच्या तोंडावर नुसतं उत्तर फेकून भागण्यासारखं ते नव्हतं. थेलर आणि बेनार्त्झी या दोन अर्थशास्त्रज्ञांची ती बचतीची योजना तुला पाठ आहे. 1998 मध्ये एका कारखान्यात सुरू झालेली. सल्लागाराने सांगितलं, निवृत्तीसाठी आत्तापासून जास्त बाजूला टाका. अनेकांनी हात वर केले, आजचा पगार कमी झालेला कुणाला सोसतो? मग त्यांना विचारलं, पुढच्या वेळी पगार वाढेल तेव्हा बचतही वाढवायची का? 78 टक्के हो म्हणाले. हातात येणारी रक्कम घटत नव्हती, आणि नंतर बंद करायला फारसं कुणी उठलं नाही. 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. आळस तोच, पण तो त्या माणसाच्या म्हातारपणासाठी राबला. इथे तोच आळस ॲपच्या तिजोरीसाठी राबणार.

तू आता म्हणशील, बाजार बघून घेईल. बंड्या, हे भांडण आपण वसतिगृहाच्या गच्चीवर पहाटेपर्यंत भांडलोय, आणि सरांनी खालून ओरडून दोघांनाही झोपायला पाठवलंय. तुझं म्हणणं असायचं की खरे पैसे गुंतले की माणूस शहाणा होतो आणि फसवणारा दुकानदार आपोआप बुडतो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. या ॲपचंच बघ. जो आधीच टिक करून ठेवत नाही त्याला विम्याची छुपी कमाई नाही, म्हणून त्याचा व्याजदर कागदावर जास्त दिसतो, गिऱ्हाईक पळतं ते स्वस्त दिसणाऱ्याकडे. तुझा बाजार इथे प्रामाणिक माणसालाच दंड करतोय. यावर काय म्हणायचंय ते लिही, आणि या वेळी तरी 'मुद्दा गौण आहे' असं लिहू नकोस!

थेलरला हे दिसलं नव्हतं असं नाही. 2018 मध्ये त्याने 'सायन्स' या नियतकालिकात एक टिपण लिहिलं. त्याच्याच पुस्तकाचं परीक्षण एका लंडनच्या वर्तमानपत्रात आलं होतं. वाचायचं तर एक पौंडात महिनाभराची वर्गणी. क्रेडिट कार्ड द्यायचं. पुढे पूर्ण दराने पैसे आपोआप कापले जाणार. बंद करायचं तर पंधरा दिवस आधी कळवायचं, तेही लंडनला फोन करून, तिथल्या कचेरीच्या वेळात. आत शिरायला एक क्लिक, बाहेर पडायला ही सगळी यातायात. याला तो 'स्लज' म्हणतो, म्हणजे गाळ. नज, म्हणजे सक्ती न करता माणसाला हलकेच एका बाजूला ढकलणं, कसा असावा हेही त्याने सांगून ठेवलंय: उघड असावा, नको म्हणणं सोपं असावं, आणि ज्याला ढकलतोय त्याचं त्यात भलं असावं. त्या विम्याच्या चौकोनात यातलं एकही बसत नाही.

मला तर त्याची काजूची गोष्टच जास्त पटते. जेवणाआधी पाहुणे काजू खात सुटले, त्याने वाडगा उचलून आत नेला, आणि सगळ्यांनी त्याचे आभार मानले. कर्जदाराला तो चौकोन उलगडून दाखवला तर तो आभार मानेल का? हे मी तिला विचारलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "सर, इथे साठ विद्यार्थी गोळा करताना माझा जीव जातो. तिथे लाखो माणसांचे खरे व्यवहार समोर असतील." आणि हे खरं आहे रे. आपण तिला काय देतोय? कंत्राटी शिकवणं आणि पुढच्या वर्षीचं आश्वासन. शिवाय घरात कमावणारी ती एकटीच आहे.

पोरगी हुशार आहे. डेलाविन्या आणि लिनोसचा 2022 चा निबंध तिने माझ्याआधी वाचला होता. नियतकालिकांत छापलेल्या नजचा परिणाम सरासरी 8.7 टक्केबिंदू, आणि सरकारी नज-पथकांनी केलेल्या सगळ्या प्रयोगांत 1.4, तो. (तू हसणार हे माहीत आहे. पण 1.4 सुद्धा खरा आहे, आणि फुकटात पडतो.) स्वतःच्या प्रबंधातला फुगलेला आकडा तिने आपणहून खाली आणला. असं माणूस त्या बटणावरचं वाक्य घासूनपुसून धारदार करणार, हे माझ्याच्याने बघवत नाही.

शिफारसपत्राचं एक आठवतं. थेलरचे मार्गदर्शक शेरविन रोझन नंतर म्हणाले होते की आम्हाला त्याच्याकडून फार अपेक्षा नव्हती. मला हिच्याकडून आहे, म्हणून अडतंय. त्या ॲपसाठी मी पत्र देणार नाही, एवढं आज सकाळी ठरवलं. पण नुसतं नाही म्हणून तिला परत पाठवायचं नाहीये.

तू कर्जदात्यांवर नजर ठेवणाऱ्या खात्यात बसतोस. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने 2013 मध्ये आपला पहिलावहिला अभ्यासनिबंध वर्तनात्मक अर्थशास्त्रावर काढला होता. तुमच्याकडे असे चौकोन कोण शोधतं? वकील? त्यांना कलम दिसतं, बटण दिसत नाही. तिच्यासाठी जागा असेल तर बघ, नसेल तर साहेबांच्या डोक्यात घाल. पगार ॲपच्या निम्माही नसेल, हे मी तिला सांगून ठेवलंय. ती नाही म्हणालेली नाही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याचा निकाल काय लागला? नव्या घराचा पत्ता तू अजून दिलेला नाहीस, म्हणून हे जुन्याच पत्त्यावर टाकतोय. सर तुझी आठवण काढतात, त्यांना एक फोन कर.

तोंडी परीक्षेच्या आधी कळव. तिला त्या लोकांना महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

तुझाच,
अण्णा