‘आढळले नाही’ लिहिण्याआधी काय शोधले, तेही लिहा

मा. अन्नसुरक्षा मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या पदार्थात न सांगता कृत्रिम स्वीटनर घातल्याची तक्रार आली की आपल्या खात्याचे उत्तर ठरलेले असते: नमुने प्रयोगशाळेत पाठवले आहेत. काही दिवसांनी अहवाल येतो, त्यात ‘कृत्रिम स्वीटनर आढळले नाही’ असे लिहिलेले असते आणि फाइल बंद होते. अन्न विश्लेषण हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे असा अहवाल हातात आला की मी आधी हे पाहतो, की शोधले काय होते? बहुतेक वेळा ते त्यात लिहिलेलेच नसते.

हे का महत्त्वाचे, ते थोडे तपशिलात सांगतो. नमुन्याचा अर्क गाळून एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात सोडतात. त्यातल्या कॉलम नावाच्या नळीतून जाताना घटक वेगळे होतात, आपापल्या वेळी बाहेर पडतात आणि डिटेक्टर प्रत्येकाचा पीक, म्हणजे उंचवटा, आलेखावर काढतो. नेहमीच्या कामाला सर्रास वापरला जातो तो यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशावर चालणारा डिटेक्टर. सॅकरिन, एसेसल्फेम-के आणि अस्पार्टेम हे स्वीटनर यूव्ही प्रकाश शोषतात, म्हणून ते त्याला दिसतात. सुक्रॅलोज आणि सायक्लामेट हे स्वीटनर मात्र तो प्रकाश जवळपास शोषतच नाहीत. पेयात ते पुरेपूर असले तरी आलेखावर सपाट रेघ उमटते. यात यंत्र ठीक असते, विश्लेषक प्रामाणिक असतो, अहवालातले अक्षरही खोटे नसते. तरीही ग्राहक फसतो.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. सायक्लामेटवर क्लोरीनची प्रक्रिया करून त्याचे असे संयुग बनवता येते, जे ३१४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात स्पष्ट दिसते. प्रकाश शोषण्यावर अवलंबून नसलेला बाष्पीभवनी प्रकाश-विकिरण डिटेक्टर वापरला, तर नऊ स्वीटनर एकाच चाचणीत मोजता येतात. युरोपचे ईएन १५९११ हे मानक २०१० पासून त्यासाठीच आहे. रेणूंचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर प्रश्नच मिटतो. सुक्रॅलोजच्या रेणूत क्लोरीनचे तीन अणू असतात आणि क्लोरीन हलक्या व जड अशा दोन रूपांत आढळतो, त्यामुळे ३९५, ३९७ आणि ३९९ या वस्तुमानांवर ठरावीक प्रमाणातले पीक एकत्र येतात. ही खूण पाहिल्यावर ओळख पटायला फारशी शंका उरत नाही. निओटेम हा स्वीटनर तर साखरेच्या हजारो पट गोड असल्याने पदार्थात अगदी नाममात्र घालावा लागतो; तो पकडायचा तर असेच यंत्र हवे.

अस्पार्टेमची कथा निराळी. तो दिसतो, पण टिकत नाही. उष्णतेत आणि लांबलेल्या साठवणीत तो मोडतो आणि डायकीटोपिपरेझिनसारखी संयुगे तयार होतात. सीलबंद नमुना तापलेल्या गाडीत किंवा कोंदट गोदामात पडून राहिला, तर प्रयोगशाळेला मूळ मात्रेपेक्षा कमी अस्पार्टेम मिळते आणि त्याचा फायदा उत्पादकाला होतो. मोडून तयार झालेली संयुगेही मोजली, तर ही पळवाट बंद होते. फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी हा निव्वळ तांत्रिक मुद्दा नाही, कारण अस्पार्टेममधून मिळणारे फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल त्यांच्या मुलांना चालत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या गोडव्याची तपासणी तर याहून ढिली आहे. स्टीव्हिया या वनस्पतीची गोड द्रव्ये साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड, म्हणजे पुडीतली बरीचशी भुकटी एरिथ्रिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन अशी भर घालायची द्रव्ये असू शकतात. पण चाचणी मागवली जाते फक्त स्टीव्हियाची! मधाचेही तसेच. कार्बनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या, प्रमाणावरून उसाची किंवा मक्याची साखर मिसळल्याचे कळते, कारण त्या वनस्पती कार्बन वेगळ्या मार्गाने बांधतात. तांदळाचा किंवा बीटचा पाक मात्र या चाचणीतून बिनबोभाट सुटतो, कारण मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यांतल्या बहुतेक वनस्पतींचा मार्ग तांदूळ-बीटसारखाच. तो पाक पकडायला एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना तपासणारी चाचणी) किंवा प्रत्येक शर्करा वेगळी करून केलेली समस्थानिक चाचणी लागते. एका चाचणीत पास झालेला मध ‘शुद्ध’ म्हणून मिरवतो, हे आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

हे पदार्थ खावेत की नाही, हा वाद मी इथे काढत नाही. जुलै २०२३ मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकले आणि त्याच वेळी जेईसीएफए या अन्नातल्या मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. दोन्हींवर तज्ज्ञ बोलतील. पण लोक रोज किती खातात हे कळल्याशिवाय ती मर्यादा कागदावरच राहते, आणि ते कळायला धड मोजमाप लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि पहिल्या टप्प्यात तिला खर्चही जवळपास नाही. प्रत्येक अहवालात कोणकोणती द्रव्ये शोधली, प्रत्येकाची शोधमर्यादा (म्हणजे सापडू शकणारी कमीत कमी मात्रा) किती, डिटेक्टर कोणता आणि नमुन्यात मुद्दाम घातलेल्या मात्रेपैकी किती परत सापडली, हे छापणे बंधनकारक करा. हा शेवटचा आकडा विसरू नका. दुधाच्या पदार्थांत प्रथिने नीट काढली नाहीत तर तो घसरतो. पुढच्या टप्प्यात निदान विभागीय प्रयोगशाळांना मास स्पेक्ट्रोमीटर आणि तो चालवणारी कायम नोकरीतली माणसे द्या. नुसते यंत्र दिले तर ते झाकूनच राहील.

आणि केवळ यूव्हीच्या भरवशावर ज्या फाइली बंद झाल्या, त्यांची यादी काढा. ज्यांचे राखीव नमुने अजून शिल्लक आहेत, ते सुक्रॅलोज आणि सायक्लामेटसाठी पुन्हा तपासायला सांगा.

आपला,
एक अन्न विश्लेषक