वेदगंगेच्या पाण्यावर हक्क कुणाचा?

निपाणी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘शेतकरी संघटनेचा बिल्ला लावून सरकार नको म्हणणारा तू, आणि नदी नासली की प्रदूषण मंडळाच्या नावानं बोंब का मारतोस?’ टोला झकास हाणलास, पण वकीलसाहेब, नेम चुकला.

लिबर्टेरियन, म्हणजे सरकार कमीत कमी आणि माणसाचा मालकी हक्क पक्का असं मानणारा माझ्यासारखा माणूस, कारखान्यांना मोकळं रान देतो, हा समज आधी काढून टाक. या विचाराचा अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड, त्यानं १९८२ मध्ये लिहिलं ते उलटंच आहे: माझ्या रानात तुझा धूर नि घाण शिरली की ते आक्रमण, आणि ‘देशाच्या विकासासाठी’ म्हणून ते माफ होत नाही. इंग्लंडात डर्बीच्या गळवाल्यांच्या क्लबकडे डर्वेंट नदीत मासेमारीचा हक्क होता. त्यांनी कृत्रिम रेशमाचा कारखाना, नगरपालिका आणि वीजमंडळ तिघांनाही कोर्टात खेचलं आणि १९५२ मध्ये अपिलातही मनाई हुकूम टिकवला. तिथं सरकारी खातीही प्रतिवादी होती, बघ.

आपल्याकडं १८८२ च्या ईझमेंट (वहिवाटीच्या हक्कांच्या) कायद्याचं कलम ७ हेच सांगतं: आपल्या जमिनीतून वाहणारं पाणी वरच्यांनी अवाजवी घाण करू नये, हा जमीनमालकाचा हक्क. मग १९७४ चा पाणी कायदा आला, प्रदूषण मंडळ आलं, सांडपाणी सोडायला मंडळाचं संमतीपत्र आलं. आता नदीकाठचा माणूस हक्कदार राहिला नाही, अर्जदार झाला.

गेल्या उन्हाळ्यात वेदगंगेच्या आमच्या डोहात मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी काळपट, मळीसारखा आंबूस वास, मोटारीचा फूटव्हॉल्व काढला तर त्यावर बोटभर चिकट साका. पण कुणाची घाण? वरच्या अंगाला कारखाने, गावांची गटारं, आणि आपल्याच उसातला युरिया. त्यात नदी येते महाराष्ट्रातून. इथल्या, कर्नाटकच्या मंडळाकडं गेलो तर ‘हद्दीबाहेरचं’ म्हणून वाटेला लावलं. रॉथबार्ड म्हणतो, नुकसान कुणी केलं ते नि:संशय सिद्ध करा. इथं त्याची गाडी चिखलात रुतते, आणि खरं सांगायचं तर माझीही.

एका बाबतीत मात्र रॉथबार्डची मंडळी शंभर टक्के बरोबर आहेत: फुकट मिळालं की नासाडी होते. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात वीज फुकट. रात्री लाइट आली की मोटार चालू करून माणूस झोपतो आणि ऊस सकाळपर्यंत डुंबतो. हे बोललो की आपलेच लोक खवळतात. खवळोत.

आता कामाचं. काठावरचे आम्ही काहीजण दाव्याला तयार आहोत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ रूल ८ खाली सगळ्यांच्या वतीनं एकच दावा लावता येईल ना? आणि दोन राज्यांत कोर्ट कुठलं धरायचं? पाण्याचे नमुने कुणाकडून तपासून घेतले तर कोर्टात टिकतील, तेही कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिवा