मुलांना स्वतःशी नीट बोलायला शिकवूया

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी गणित शिकवते. दहावीच्या पूर्वतयारी परीक्षेचे पेपर नुकतेच वाटले. पेपर हातात पडला की बहुतेक मुलं गुण बघतात, घडी घालतात आणि दप्तरात कोंबतात. उदाहरण नेमकं कुठल्या पायरीवर चुकलं हे बघायला कुणी थांबत नाही. ‘माझ्या डोस्क्यात काय शिरतच न्हाई, बाई,’ असं म्हणणारी एक मुलगी पहाटे उठून गोठ्यातली कामं उरकते आणि जांबोटी भागातून बसने शाळेला येते. शेजारणीचं उदाहरण चुकलं तर हीच तिला सांगते, ‘अगं, चिन्ह तेवढं चुकलंय, बाकी बरोबर हाय.’ मैत्रिणीशी जशी बोलते तसं स्वतःशीही बोलता येतं, हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी केली. स्वतःशी मायेने वागणं, आपल्यासारखेच अनेक जण आहेत याचं भान ठेवणं, आणि मनात जे चाललंय ते न दाबता, न वाढवता बघणं, म्हणजेच सजगता, अशी तिची तीन अंगं. यातलं दुसरं अंग आमच्या सीमाभागातल्या मुलांना सगळ्यात जास्त हवं आहे, असं माझं ठाम मत आहे. घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, आणि दहावीनंतर बेळगावात पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्सला गेलं की पुस्तकं इंग्रजी. शंका विचारावी तर उत्तर कन्नडमधून. दहावीला ६२५ पैकी साडेपाचशेच्या पुढे गेलेली मुलं सहामाहीनंतर शाळेत भेटायला येतात ती मान खाली घालून. अडखळण्याचं कारण विचारलं तर भाषेचं, परिस्थितीचं नाव कुणी घेत नाही. प्रत्येक जण स्वतःलाच ढ ठरवून मोकळा होतो. पलीकडच्या बाकावर येळ्ळूरचा, नंदगडचा मुलगा याच अडचणीत बसलेला असतो, पण तोही गप्प असल्यामुळे कुणालाच कुणाचं कळत नाही.

‘एवढं गोंजारलं तर पोरं अभ्यास सोडतील,’ हे पालकसभेत हमखास ऐकू येतं. पालकांची काळजी खरी आहे, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड चाचणी दिली होती. ती बिघडल्यावर ज्यांना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. वर्गात मलाही हेच दिसतं. स्वतःला शिव्या घालणारं मूल आपल्या चुकीकडे बघूच शकत नाही, मग ती दुरुस्त कशी होणार?

म्हणून पेपर वाटल्यावर मी लगेच फळ्याकडे वळत नाही. पाय जमिनीला टेकवून बसा, श्वास आत येतो, बाहेर जातो तो बघा, एवढंच सांगते. डोळे मिटायची सक्ती नाही; काही मुलांना डोळे मिटले की उलट धास्ती वाटते. मग वहीच्या मागच्या पानावर मनात आलेलं वाक्य लिहायचं. ‘मी नापास होणार’ असं असेल तर त्याला जोडायचं, ‘असा विचार आत्ता मला आलाय’. त्याखाली, हाच पेपर मैत्रिणीचा किंवा मित्राचा असता तर काय म्हटलं असतं, ते लिहायचं. पान कुणाला दाखवायचं नाही, मलाही नाही. मुलगे आधी खुसखुसतात, पण लिहितात. नंतर पेपर पुन्हा उघडायचा आणि चुकलेली पायरी शोधायची. मुलींकडे जास्त लक्ष द्यायला हवं. वयाने मोठ्या किशोरवयीन मुली स्वतःशी सगळ्यात कठोर वागतात, असं कॅरन ब्लूथ यांच्या अमेरिकेतील अभ्यासात आढळलं आहे. घरातली कामं, रंगावरून बोलणी, लग्नाचा विषय, हे सगळं सांभाळणाऱ्या आमच्या मुलींबाबत मला त्याचं नवल वाटत नाही.

मात्र याचा सक्तीचा तास करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर असा प्रयोग झाला. शिक्षकांनी सगळ्या वर्गाला सजगता शिकवली, पण २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही फरक दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वेळापत्रकात आणखी एक विषय घुसवून काही साधणार नाही. पेपर परत देताना शिक्षकाच्या तोंडून काय निघतं आणि संध्याकाळी घरी आई-बाबा गुणपत्रिकेवर काय बोलतात, मुलं तेच उचलतात.

आणि मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलू लागलं, तर श्वासावर विसंबून राहू नका. धारवाडला मनोरुग्णालय आहे, म्हणून त्या गावाचं नाव काढलं की आमच्याकडे माणसं अजून दचकतात. पण मनाचे डॉक्टरही डॉक्टरच आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. दहावीच्या निकालादिवशी आपण गुणवंतांचे फोटो छापता, ते जरूर छापा. त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे, दहावीला पुन्हा बसण्याची संधी देणाऱ्या परीक्षेचे अर्ज कसे आणि कधीपर्यंत भरायचे, उत्तरपत्रिकेची प्रत कशी मागवायची, आणि १४४१६ हा क्रमांक, एवढा मजकूर मराठीत द्यावा. गावोगावच्या वाचनालयांत ते पान लावायची जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो.

आपली,
एक गणित शिक्षिका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव