काळा पडदा पैसे भरणाऱ्यालाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुकट्या प्रेक्षकांवरचा कालचा अग्रलेख वाचला. चोरीला चोरीच म्हणायचे, यावर वाद नाही. पण ‘घरात बसून पायरेटेड सिनेमा पाहणाऱ्यालाही आता तीन वर्षे तुरुंग’ हे कुठून आणलेत? सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली घातलेली ६एए आणि ६एबी ही कलमे थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्यासाठी आणि चोरटी प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणाऱ्यासाठी आहेत. किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड. कमाल ३ वर्षे, आणि दंड निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. घरचा प्रेक्षक त्यात बसत नाही. दरडावायचेच तर निदान कलम वाचून दरडावावे.

खरा राग आला तो ‘कायदेशीर पर्याय हाताशी असताना’ या शब्दांचा. तो पर्याय, म्हणजे वर्गणीच्या ऑनलाइन सेवा, वापरून बघा. अँड्रॉइड फोनला वाइडवाइनचा (हे गूगलचे चोरीविरोधी कुलूप) वरचा एल-१ दर्जा नसेल, नुसता खालचा एल-३ असेल, तर वर्गणी पूर्ण भरूनही बहुतेक सेवा चित्र ४८० किंवा ५४०पी अशा धूसर दर्जावर अडवतात. फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारी कुलूपबंद मूळ प्रणाली, उघडला की बऱ्याच फोनचा एल-१ जातो आणि तेच होते. (फोनचा दर्जा ‘डीआरएम इन्फो’ या ॲपमध्ये दिसतो, विकणारा दुकानदार सांगत नाही.) लॅपटॉप एचडीएमआयने जुन्या प्रोजेक्टरला जोडावा, तर आवाज येतो, पडदा काळा. केबल बदलून उपयोग नाही. प्रोजेक्टरला एचडीसीपी, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राला लावलेले कुलूप, कळत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. मध्ये एचडीसीपी न कळणारा स्प्लिटर (एक चित्र दोन पडद्यांना वाटणारी डबी) असला तरी तोच प्रकार. फोर-के हवे असेल तर टीव्ही, मधला साउंडबार, सगळ्यांना एचडीसीपी २.२ लागते, एक जरी मागे राहिला तरी चित्र खालच्या दर्जावर येते. आणि भाड्याने घेतलेला सिनेमा एकदा सुरू केला की साधारण ४८ तासांत संपवा, मग घरात पाहुणे येवोत नाहीतर वीज जावो.

हे सगळे चोराला अडवायला! पहिल्या पिढीच्या एचडीसीपीची मूळ किल्ली सप्टेंबर २०१० मध्येच जगजाहीर झाली, इंटेलनेही ते मान्य केले. चोरट्या १०८०पी फाइलला ना दर्जा विचारला जातो, ना केबल. ती त्याच जुन्या प्रोजेक्टरवर सुखाने चालते. कुलूप फक्त घरमालकाला अडवते आहे. म्हणून चोरी क्षम्य ठरत नाही, पण अग्रलेखात निम्मा रकाना प्रेक्षकाच्या संस्कारांवर आणि या कुलपांवर एक ओळ नाही, हे कसे?

जाता जाता. याच अग्रलेखाशेजारी थिएटरचे छायाचित्र आहे आणि खाली बारीक अक्षरात ‘आंतरजालावरून साभार’. हे आंतरजाल राहते कुठे आणि मानधनाचा चेक त्याला कोणत्या नावाने पाठवलात, तेवढे कळवावे.

आपला,
एक वर्गणीदार वाचक