स्टोक रोचा आड

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

इकडे याल तेव्हा एक दिवस स्टोक रोसाठी राखून ठेवा. ऑक्सफर्डशायरमधलं, हेन्ली-ऑन-थेम्सच्या पश्चिमेला चिल्टर्न टेकड्यांवरचं खेडं. बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही, सगळं रस्त्यालगत. लोखंडी खांबांवर घुमट, त्याखाली रहाटाचं यंत्र आणि त्यावर चक्क सोनेरी हत्ती!

ही काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी दिलेली विहीर. खरं तर आडच म्हणायला हवा: रुंदी ४ फूट, खोली ३६८ फूट. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उंचीला ३६५ फूट.

पावसाच्या देशात इतकं खोल का जावं लागलं? तिथली जमीन खडूच्या दगडाची. पडलेला पाऊस थेट खाली झिरपतो, गावाला ना नदी ना ओढा. वर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, त्यात साचलेल्या डबक्यांवरच लोक भागवायचे. कोरड्या उन्हाळ्यात तीही आटत.

जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. त्यांनी १८३१ साली आझमगढला विहीर खोदवली होती. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईचा मार खाणाऱ्या आपल्या इंग्लंडमधल्या गावाकडच्या पोराची गोष्ट रीडनी महाराजांना सांगितली, आणि ती महाराजांच्या लक्षात राहिली. सगळं खोदकाम हातांनी झालं. २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर गावासाठी खुली झाली.

पाणी फुकट, पण घाम गाळून. ९ गॅलनचा, म्हणजे साधारण ४१ लिटरचा पोहरा वर यायला दहा मिनिटं लागत. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची झाडं लावली, नाव ठेवलं ‘ईश्री बाग’. दान द्यावं तर असं, पुढच्या डागडुजीची सोय लावून. (अशी दानं आणखीही आहेत. लंडनच्या रीजंट्स पार्कातलं पिण्याच्या पाण्याचं कारंजं मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनींनी दिलेलं, १८६९ चं. तेही बघू.)

राखणदाराचं घर बुटकं, छोटंसं आहे, ते चुकवू नका. आडातलं पाणी आता कोणी शेंदत नाही, त्यामुळे बाबा, पोहरा ओढून बघायचा हट्ट नको.

आणि आई, १९६४ साली शताब्दीला ड्यूक ऑफ एडिनबरा, म्हणजे एलिझाबेथ राणीचे यजमान प्रिन्स फिलिप, आले होते, तेव्हा या आडात गंगाजल ओतलं गेलं. देव्हाऱ्यातला गडू सामानात भरू नकोस.

तुमची लेक