इंग्रजी शब्दाची जात वाक्यात पाहावी

महोदय,

वृत्तपत्रांच्या शैक्षणिक पानांवर रोज नवे इंग्रजी शब्द देण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र अशा बहुतेक याद्यांत शब्दापुढे त्याची एकच जात छापलेली असते. इंग्रजीच्या बाबतीत ही सवय विद्यार्थ्यांना अडचणीत आणते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हा पत्रप्रपंच.

‘राउंड’ हा अगदी साधा शब्द घ्या. ‘द अर्थ इज राउंड’ या वाक्यात तो विशेषण आहे, स्पर्धेच्या ‘फर्स्ट राउंड’मध्ये नाम, कोपऱ्यावरून वळणाऱ्या गाडीविषयी ‘द कार राउंडेड द कॉर्नर’ असे म्हटले की क्रियापद, ‘शी टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण, आणि ‘दे सॅट राउंड द टेबल’मध्ये ज्याला आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो ते. म्हणजे ‘राउंड’ची जात कोणती, या प्रश्नाला वाक्याशिवाय उत्तरच नाही.

यामागे भाषेचा इतिहास आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘प्रेम’ या अर्थी ‘लुफु’ हे नाम होते आणि ‘प्रेम करणे’ यासाठी ‘लुफियन’ हे क्रियापद. शब्दाचा शेवट पाहूनच त्याचे काम कळत असे. पुढील काही शतकांत हे प्रत्यय झिजत गेले, दोन्ही रूपे ‘लव्ह’मध्ये येऊन मिळाली आणि शब्दाचे काम ओळखण्याची जबाबदारी वाक्यातील त्याच्या जागेवर आली. मग नामाला काहीही न जोडता क्रियापद करणे इंग्रजीला सहज जमू लागले. मराठीने ‘फोन’ स्वीकारला, पण क्रियापदासाठी ‘करणे’ जोडावे लागले. इंग्रजीत मात्र ‘फोन मी’ म्हटले की काम झाले. अर्थात मराठीला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. ‘चांगला मुलगा’ आणि ‘तो चांगला खेळतो’ यांतील ‘चांगला’ची कामे वेगळी आहेत. शिक्षकांनी वर्गात याच उदाहरणापासून सुरुवात केली, तर मुलांना विषय लवकर उमगेल.

एका शब्दाला एकच जात चिकटवल्याने होणारे नुकसान ‘हार्ड’ या शब्दात स्पष्ट दिसते. हे विशेषण आहे आणि क्रियाविशेषणाला ‘ली’ लागतो, एवढेच पाठ केलेला विद्यार्थी ‘तो खूप मेहनत करतो’ याचे भाषांतर ‘ही हार्डली वर्क्स’ असे करतो. त्याचा अर्थ होतो, ‘तो जवळजवळ कामच करत नाही’. ‘हार्ड’ हाच शब्द क्रियाविशेषणही आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

उच्चाराचीही तीच गोष्ट. ‘रेकॉर्ड’ हे नाम असताना आघात पहिल्या भागावर असतो, क्रियापद होताच तो दुसऱ्यावर जातो आणि उच्चार ‘रिकॉर्ड’कडे झुकतो, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’ यांचेही असेच. ‘यूज’च्या शेवटचा ध्वनी नामात ‘स’ असतो आणि क्रियापदात ‘झ’सारखा. पण ‘रिपोर्ट’ आणि ‘सपोर्ट’ यांचा उच्चार दोन्हीकडे सारखाच राहतो, त्यामुळे इथेही सरसकट नियम देऊन चालत नाही.

‘द ओल्ड मॅन द बोट’ हे वाक्य इंग्रजीच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. पहिल्या वाचनात ‘ओल्ड मॅन’ म्हणजे म्हातारा माणूस असे वाटते आणि वाक्यात क्रियापदच सापडत नाही. प्रत्यक्षात येथे ‘द ओल्ड’ म्हणजे वृद्ध मंडळी, आणि ‘मॅन’ हे ‘चालवण्यासाठी माणसे पुरवणे’ या अर्थाचे क्रियापद: नाव चालवण्याचे काम वृद्ध मंडळी करतात. असे एखादे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना त्याच्याशी झगडू द्यावे. व्याख्यांच्या घोकंपट्टीपेक्षा त्यातून ती कितीतरी अधिक शिकतील, असे मला मनापासून वाटते.

म्हणून विनंती अशी की, आपल्या शैक्षणिक पानावर शब्द देताना त्याच्या प्रत्येक प्रचलित कामाचे निदान एक छोटे वाक्य द्यावे आणि उच्चार बदलत असेल तर तोही नोंदवावा. जागा अपुरी पडत असेल, तर रोज दहाऐवजी तीनच शब्द छापले तरी चालतील. सराव प्रश्नांतही ‘पुढील शब्दांची जात लिहा’ अशी सुटी यादी देण्याऐवजी संपूर्ण वाक्य देऊन त्यातील शब्द अधोरेखित करावा.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक