कुंडी वरून पाहायला शिकवणाऱ्या काकूंना आभारपत्र

आदरणीय काकूंना,

सादर प्रणाम.

स्ट्रिंग ऑफ पर्ल्स या वेलीबद्दल आपण केलेल्या मार्गदर्शनाचे आभार मी आपल्याला भेटून मानले होतेच. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण घरात टांगलेली ही वेल माथ्याशी विरळ होत जाताना पाहून हताश झालेले लोक पुष्कळ आहेत आणि आपण मला जे दाखवलेत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, असे मनापासून वाटते.

बदलीमुळे गाव सोडून गेलेल्या एका स्नेह्यांनी ही वेल माझ्याकडे सोपवली, तेव्हाच तिचा माथा उघडा पडलेला होता. कुंडीच्या काठावरून खाली लोंबणाऱ्या लडी बऱ्यापैकी हिरव्या होत्या, पण मातीलगतची मण्यांसारखी गोल पाने सुकून गळाली होती आणि नुसत्या दोऱ्यासारख्या देठांची जाळी तेवढी उरली होती. ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कुणी पाणी वाढवा म्हणाले, कुणी कमी करा म्हणाले. आपण मात्र पाण्याविषयी एक शब्दही न काढता कुंडीचा वरून काढलेला फोटो मागवलात आणि तो पाहताच, ‘लडींना उजेड मिळतो आहे, माथ्याला नाही,’ असे सांगितलेत. छताजवळच्या आकड्याला टांगलेल्या कुंडीच्या वरच्या भागात बहुधा अंधारच असतो. खिडकीतला उजेड खालच्या लडींवर पडतो आणि नवे कोंब जिथून फुटायचे तो माथा उपाशी राहतो. कुंडी खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा खाली आणा, सकाळचे कोवळे ऊन मातीपर्यंत पोहोचू द्या आणि दुपारच्या कडक उन्हापासून तिला जपा, एवढेच आपण पहिल्या दिवशी सांगितलेत. इतके साधे आणि इतके नेमके उत्तर मला दुसऱ्या कुणाकडूनही मिळाले नव्हते.

त्यामागचे कारणही आपण समजावलेत, याचे मला विशेष मोल वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात ही वेल मुळात लोंबत नाही. खडकांच्या आणि झुडपांच्या विरळ सावलीत ती जमिनीवर पसरते आणि जिथे देठाचे पेर मातीला टेकते तिथे मूळ धरते. म्हणजे तिचा सारा विस्तार उजेडाकडे तोंड करून मातीवर चाललेला असतो. हर्मान याकोब्सेन या जर्मन वनस्पतीतज्ज्ञांनी १९६८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि गॉर्डन राउली या ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञांवरून तिचे नाव ठेवले, हेही आपल्याकडूनच कळले. पूर्वी ती सेनेशिओ प्रजातीत गणली जात असे, आता क्युरिओमध्ये गणतात. दोन्ही नावांनी माहिती शोधा, ही आपली सूचना फार उपयोगी पडली.

आपण दाखवलेली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे मण्यावरची खिडकी. प्रत्येक मणी हे एक पान असते आणि त्याच्या अंगावर एक अर्धपारदर्शक, गडद हिरवी पट्टी असते, तिच्यातून उजेड पानाच्या आतल्या भागापर्यंत शिरतो. गोल आकारामुळे पृष्ठभाग कमी राहून पाणी कमी उडते, आणि उजेडाची उणीव ही पट्टी भरून काढते. वेल तहानली की मणी किंचित सुरकुततो आणि पट्टी रेघेसारखी अरुंद होते; पाणी भरपूर असेल तेव्हा ती रुंद दिसते. आता पाणी घालण्यापूर्वी मी आधी मणी पाहते आणि मग बोट मातीत खुपसते. या दोन गोष्टी एकत्रच पाहायच्या, असा आपला आग्रह होता आणि तो किती योग्य आहे हे मला पटले आहे, कारण मुळे कुजली तरी मणी सुरकुततातच. माती ओली आणि मणी सुरकुतलेले, असे दिसले तर आणखी पाणी घालणे म्हणजे वेल संपवणे होय. मणी पिवळट, पाणीदार होऊन बोटाखाली फुटू लागले तर पाणी जास्त झाले, हे ओळखणे त्या मानाने सोपे आहे.

मातीच्या बाबतीत आपण फार बोलला नाहीत: निम्मी हलकी माती, निम्मे परलाइट (पाणी निथळू देणारे पांढरे, हलके खडे) किंवा भरड वाळू, आणि तळाला भोक असलेली उथळ कुंडी. मुळे वरच्या थरातच राहतात, त्यामुळे खोल कुंडीत खालची माती ओलीच राहून सडते. पाणी खालून द्यायचे, माथा भिजेपर्यंत कुंडी ताटलीत ठेवायची आणि मग पूर्ण निथळू द्यायची, ही पद्धत मी तेव्हापासून सोडलेली नाही.

उघडा माथा भरून काढण्याची युक्ती तर केवळ आपलीच देणगी. लांब झालेल्या लडींचे बोटभर तुकडे कापून, कापलेली टोके दिवसभर सुकू देऊन, ते मातीवर आडवे पसरायचे आणि केसांच्या आकड्यांनी पेरे मातीला टेकवून ठेवायची. काही आठवड्यांनी एक तुकडा हलकेच ओढून पाहिला, तर तो सुटेना. पेरातून पांढरी, केसाएवढी बारीक मुळे मातीत शिरलेली होती आणि त्याच पेराशी मोहरीएवढा नवा मणी आला होता. तो क्षण आपल्याला दाखवता आला असता तर!

मध्यंतरी पेरांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण या किडीचा कापसासारखा पुंजका दिसला, तेव्हा आपण सांगितल्याप्रमाणे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपून घेतला. ही वेल पोटात गेल्यास विषारी असते, म्हणून लडी लहान मुलांच्या आणि मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवा, हा इशारा आपण न विचारता दिलात. तो या पत्रातून इतरांनाही देत आहे.

आता माथा पूर्ण झाकला गेला आहे. यंदा पहिल्यांदाच पांढरी, झुबकेदार फुले आली आणि त्यांना आपण म्हणाला होतात तसाच दालचिनीचा वास आहे. मुळे धरलेल्या तुकड्यांची एक उथळ कुंडी आपल्यासाठी वेगळी तयार केली आहे. आपल्या पूर्वेच्या खिडकीत जागा असेल तर कळवावे, मी स्वतः घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
वेलीची सध्याची सांभाळकर्ती